रागातही हसणारी माणसं

कोरियन नटांना अभिनय येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरनं आत सळई टाकली, आणि सव्वातीन महिने पलंगावर पडून दुपारच्या दुपार त्यांच्या मालिका पाहिल्या, म्हणून सांगतो. माणूस चिडून बोलतोय आणि तोंडावर हसू. पोरीला धमकी देतोय आणि गालाला खळी. आमच्या गावच्या जत्रेतला सोंगाड्यासुद्धा रागाच्या जागी निदान भुवया चढवायचा.

मी कारभारी. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, पैठण डेपोला. आता मुलाकडे, सुदर्शनकडे राहतो, हर्सूलला जेलच्या पुढं, दुसऱ्या मजल्यावर. सुदर्शन आणि सून मोनिका दोघंही नोकरीला, म्हणजे दिवसा घरात मी आणि माझी नात श्रेया. तिची बी.एस्सी. झाली होती, लग्न ठरलं होतं, आणि बापानं तिला सांगितलं होतं की आबांजवळ बसत जा. ती बसली, पण रिमोट स्वतःकडे ठेवून.

मालिका परदेशी, बोलणं परदेशी, खाली इंग्रजीची पट्टी. मला इंग्रजी अक्षरं कळतात, पण पहिला शब्द लावेपर्यंत तिसरी पट्टी आलेली असते. म्हणून श्रेया वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी म्हटलं, हिंदीत लाव की. ती म्हणाली, "हिंदीत मजा नाही आबा, आवाज बदलतात." मला ते पटलं. मला कुठं थांबवायचं असलं की मी पलंगाच्या लोखंडी पायावर काठी आपटायचो. एक ठोका म्हणजे थांबव, दोन म्हणजे सोड. कंडक्टरची जुनी सवय, एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. श्रेयाला ते पहिल्याच दिवशी जमलं.

पहिली मालिका तैवानची होती. तैवान हा वेगळा देश आहे, हेही मला पलंगावर कळलं. फरक ओळखायचा असेल तर सोपं आहे. कोरियन मालिकेत पैसा फार, तैवानच्या मालिकेत रड फार. त्या मालिकेत एक घुम्या पोरगा होता, शाळेत पहिला नंबर आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. एक पोरगी वीस भाग त्याच्यामागं डबा घेऊन फिरते आणि हा विसाव्या भागात म्हणतो, "बरा होता." डब्याबद्दल! आमच्या डेपोत असा एक घुम्या मेकॅनिक होता. त्याला जन्मात कुणी डबा आणला नाही, आणि तेच बरोबर होतं.

कोरियन मालिकांत डब्यापेक्षा शेवया फार. करोडपती असो की कंगाल, पातेल्यातून शेवया ओढतात, त्याही झाकणात घेऊन. श्रीमंताची आई गरीब पोरीला हॉटेलात बोलावते आणि भरला ग्लास तिच्या तोंडावर फेकते. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि ही बाई ग्लासभर पाणी वाया घालवून ताठ मानेनं निघून जाते. मग दर सहाव्या भागात एक ट्रक येतो आणि कुणालातरी उडवतो. उडालेला माणूस मरत नाही, फक्त सगळं विसरतो. माझा ड्रायव्हर बद्रीनाथ बावीस वर्षं माझ्यासोबत पैठण-गंगापूर लाईनला गाडी चालवत होता, त्याच्या चाकाखाली कधी कोंबडी आली नाही. कोरियातले ट्रकवाले लायसन कुठून काढतात, देव जाणे.

बद्रीनाथचं नाव निघालं म्हणून सांगतो, श्रेयाचं लग्न त्याच्याच नातवाशी, ऋतुराजशी ठरलं होतं. मीच ठरवलं होतं. बद्रीनाथ गंगापूरचा, घरी ऊस, पोरगा वाळूजला कंपनीत इंजिनीअर. सुपारी फुटली तेव्हा सगळ्यांसमोर मी श्रेयाला विचारलं होतं, "चालंल ना?" तिनं मान हलवली होती. आणखी काय पाहिजे?

तर तैवानच्या त्या मालिकेत दोन म्हातारे होते. तरुणपणी फौजेत एकत्र होते आणि नातवंडांचं लग्न लावायचं असा एकमेकांना शब्द देऊन बसले होते. पोरगी म्हणते, मला नाही करायचं. मी काठी आपटून मालिका थांबवली.

"हिला काय कळतंय? शब्द म्हंजी शब्द. त्या म्हाताऱ्यानं काय तोंड दाखवायचं मैतराला?"

श्रेया म्हणाली, "आणि मुलगा वाईट निघाला तर?"

"कसा वाईट ते दावा तर आधी. नुसतं नाय-नाय करून कसं चालंल?"

मी दोन ठोके दिले आणि गाडी पुढं गेली.

त्यानंतर ती कोरियन मालिका सुरू झाली, जिच्यामुळं मी हे सांगायला बसलो. तिचा हिरो म्हणजे कपाळावर झुलपं सोडलेला एक गोरागोमटा पोरगा. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्याला झुलप्या म्हणायचो. हिरोइनीला बावळी. एक टकलू म्हातारा होता. श्रेयानं सांगितलं, तो बावळीचा आजोबा, त्यानं तिचं लग्न झुलप्याशी ठरवलंय.

झुलप्या बावळीला फोन करायचा, चेहरा दिसतो तो फोन. श्रेया वाचून सांगायची, "तो म्हणतोय, फोन फिरव. खोली दाखव. शेजारी कोण बसलंय ते दाखव."

"आणि ही दावती?"

"दाखवते. नाही दाखवलं तर तो तिच्या मैत्रिणींना फोन करून विचारतो, ती कुठंय म्हणून."

पडद्यावर बावळी हसत हसत फोन खोलीभर फिरवत होती. मी म्हटलं, ही काय हसण्याची जागा आहे? ह्या बाईला पैसे कोण देतं? श्रेया म्हणाली, "त्यांच्याकडे असंच असतं आबा, रागातही हसतात." मी ते खरं मानलं आणि तेव्हापासून त्या सगळ्या देशाला नावं ठेवायला लागलो.

दिवसामागून दिवस झुलप्या बिघडत गेला. त्यानं बावळीला मैत्रिणींचे नंबर काढून टाकायला लावले. लग्नानंतर नोकरीचं नाव काढायचं नाही म्हणाला. तिनं कुठला ड्रेस घातला त्याचा रोज फोटो मागायचा. एका दुपारी श्रेया म्हणाली, "मागं एकदा त्यानं तिचा हात पिरगळला. दाखवलं नाही, ती मैत्रिणीला सांगतेय."

"दाखवायला काय झालं? त्यांचे पैशे संपले?"

"माहीत नाही."

"आन् ही नुसती मैत्रिणीला सांगती? घरात सांगाया काय झालं? तोंड शिवलंय का तिचं?"

"आजोबांना सांगायला गेली होती. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, लाजू नको."

"मग ते म्हातारं बहिरं हाये," मी म्हणालो. "डोळे बी फुटलेत त्याचे. अशा माणसाच्या दावणीला मी शेळी बांधायचो नाय, आन् हे नात द्यायला निघालं."

श्रेयानं मालिका थांबवली. मी ठोका दिला नव्हता, तरी थांबवली. "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी असतो तर कवाच वळखलं असतं. एकतीस वर्षं दुसरं काय केलं? पोरगं कडेवर घिऊन बाई म्हणायची, चार वर्षांचं हाये, तिकीट नको. मी नुसतं पोराच्या तोंडाकडं बघायचो. समदं कळायचं."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो." आणि उठून चहा करायला गेली.

हे झालं मंगळवारी. रविवारी बस्ता होता. बस्ता म्हणजे दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गुलमंडीवरच्या दुकानात गादीवर बसून लग्नाचं सगळं कापड एकदम घेतात. आमच्याकडे बस्ता बांधला की लग्न बांधलं असं धरतात. त्याआधी सोयरीक मोडली तर माणसं महिनाभर बोलतात, त्यानंतर मोडली तर पोरीला जन्मभर ऐकावं लागतं.

शुक्रवारी सकाळी श्रेया विद्यापीठात मार्कमेमो आणायला गेली. मी काठी टेकत स्वयंपाकघरात गेलो, चहा मिळतो का बघायला. तिथं शीला भाकरी थापत होती. शीला ही मागच्या गल्लीतल्या भिकनची बायको. तिच्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता भिकन बांधकामावर जातो आणि ही चार घरच्या भाकरी करते. तिनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकून उभा केला होता. त्यात झुलप्या, आणि तो चक्क हिंदीत बोलत होता.

"शीला, हे नालायक तुझ्याकडं बी?"

"नालायक?" शीलाचा हात परातीत थांबला. "आबा, लई गुणाचा हाये वो त्यो. बेकरीत पाव भाजतो. तिला रोज डबा पोचवतो."

"हात पिरगळतो तिचा, ते नाय दिसलं तुला?"

"ह्यो? आवो, बारा भाग झाले, अजून तिचा हात बी नाय धरला त्यानं. धर म्हणून म्या घसा कोरडा केला."

"आन् त्यो टकलू? तिचा आजा?"

"आजा कुठला, त्यो घरमालक हाये. त्याला ना पोर ना नात. झाडांना पाणी घालतो नुसता."

मी म्हणालो, तुझी मालिका दुसरी असणार. शीलानं मागचा भाग लावून दिला. मी स्टुलावर बसलो. तीच खोली, तीच बावळी, तोच फोन. ती हसत हसत फोन खोलीभर फिरवत होती, नवे पडदे लावले होते ते दाखवायला. झुलप्या म्हणत होता, पडदे छान आहेत. मग विचारत होता, खाना खाया? तिनं सांगितलं, खाया. त्यावर तो खळी पाडून हसला. बस, एवढंच होतं.

माणसं रागात हसत नव्हती. ती हसण्यासारखंच बोलत होती. राग श्रेयाच्या तोंडचा होता.

शीलाच्या तव्यावर भाकरी फुगली, तिनं काढली, दुसरी टाकली. मी तसाच बसून होतो. मला एकामागून एक आठवायला लागलं. दुपारी सव्वातीनला श्रेयाचा फोन वाजायचा आणि ती उठून फोन खोलीभर फिरवायची. पलंगावरचा मी, दार, खिडकी, रिकामी खुर्ची. मी हात हलवायचो. दिवसातून दहादा फोन करतो, केवढं प्रेम, असं मी मोनिकाला कौतुकानं सांगितलं होतं. महिन्यापूर्वी तिच्या मनगटावर निळे डाग होते. ती म्हणाली, सिटी बसच्या दांड्याला लागलं. मी एकतीस वर्षं दांड्याला धरून उभा राहिलेला माणूस. दांड्यानं कोपर शेकतं, खांदा शेकतो, मनगटाभोवती चार बोटं उमटत नाहीत. तरी मी म्हणालो होतो, हळद लाव.

आणि सुपारीनंतर पंधरा दिवसांनी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "आबा, ऋतुराजबद्दल थोडं बोलायचं होतं." मी म्हणालो होतो, "लाजती कशाला, आता आपलाच माणूस हाये." आणि बद्रीनाथनं जायकवाडीच्या पुरात गाडी कशी काढली ती गोष्ट तासभर सांगितली होती. तिनं ती पूर्ण ऐकूनही घेतली.

मला स्वतःची लाज वाटली. कोरियन म्हाताऱ्याला मी आंधळा म्हणालो, बहिरा म्हणालो, आणि तो बिचारा झाडांना पाणी घालत होता. तोंडाकडं बघून ओळखणारा मी! माझ्या पलंगाला खेटून पोरगी रोज दुपारी आपलं गाऱ्हाणं सांगत होती आणि मी विचारत होतो, त्यांचे पैसे संपले का.

मी खोलीत आलो आणि बद्रीनाथला फोन लावला. बावीस वर्षं त्या माणसानं मागं न बघता माझ्या घंटीवर गाडी सोडली होती. एकदाही विचारलं नव्हतं की दार लागलं का, म्हातारी चढली का.

"बद्री, रविवारचा बस्ता होणार नाय," मी म्हणालो. "सोयरीक मोडतोय मी. माझ्या तोंडानं दिलेला शब्द माझ्याच तोंडानं माघारी घेतो."

तो म्हणाला, "पोरीत काय झालं?"

"पोरीत काय नाय. तुझ्या नातवानं तिचा हात पिरगळलाय. आन् लई काय काय हाये. त्याच्या मोबाईलमधी बघ, दिवसाचे किती फोन जातात ते."

"त्वा बघितलं?"

"नाय. हेच तर झालं, बद्री. म्या बघितलंच नाय."

त्याच्या ओसरीवर कुणीतरी पाणी मागत होतं ते मला ऐकू आलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"कारभारी, म्हंजी एक घंटी म्हण की."

"व्हय. एक घंटी."

"मग थांबलो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तो पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, मला माहीत नाही. अजून तरी बोललेला नाही.

श्रेया दीडला आली, जेवली, तीनला रिमोट घेऊन खुर्चीत बसली. सव्वातीन झाले. तिनं फोन मांडीवर घेतला. साडेतीन झाले. फोन वाजला नाही. ती पडद्यापेक्षा फोनकडेच बघत होती, आणि न वाजणाऱ्या फोनची तिला वाजणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. ती भीती मी आता स्पष्ट बघत होतो. इतके दिवस ती तिथंच होती.

पडद्यावर टकलू म्हातारा आला. मी एक ठोका दिला. तिनं थांबवलं.

"आज मी सांगतो, ह्यो काय म्हणतोय ते."

"तुम्हाला वाचता आलं?"

"सावकाश येतं. सोड आता." मी दोन ठोके दिले. "ह्यो म्हणतोय, म्या आज सकाळी बद्रीनाथला फोन केला. सोयरीक मोडली. रविवारी कुणी बस्त्याला जायचं नाय. तुझ्या बापाला संध्याकाळी मी सांगणार, तू मधी पडू नको."

टकलू म्हातारा एका कुंडीला पाणी घालत होता. खाली पट्टी नव्हती.

"आबा," श्रेया कशीबशी म्हणाली, "तो काही बोलतच नाहीये."

"नाय बोलत. त्यानं लई आधी बोलाया पायजे होतं. बहिरं हाये ते, तुला म्हणलं नव्हतं का?"

ती रडली. मालिकेतल्या बायांसारखी गालावरून एकच थेंब सोडून नाही. नाक वाहिलं, ओढणीनं पुसलं, पुन्हा वाहिलं. मग तिनं फोन बंद करून माझ्या उशीखाली सरकवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शीलाकडून कळलं?" तिनं विचारलं.

"व्हय. पाव भाजतो म्हणं झुलप्या."

रडतारडता तिला हसू फुटलं.

"आता खरं सांग," मी म्हणालो, "पयल्या भागापासून. जे लिहिलंय तेच. ते बी भिकारच आसंल, पण मला कळू दे."

तिनं पहिला भाग लावला. झुलप्या पिठानं माखलेल्या हातांनी दुकानाच्या दारात उभा होता, बावळी समोरून दमून येत होती. श्रेयानं पट्टी वाचली. "तो विचारतोय, जेवलीस का."

"आन् पुढं?"

"पुढं काही नाही. तेवढंच विचारतो. सगळ्या भागांत तेच विचारतो."

एवढ्यासाठी ह्या लोकांनी सोळा भाग काढले. मी काठी उचलली आणि पलंगाच्या पायावर दोनदा आपटली.